सहाचा आणि दोन सुती

हळद दुसऱ्या दिवशी होती आणि माझ्या साइड ड्रमच्या एका रॉडच्या नटाचे आटे गेले होते.

आमच्या जूचंद्रात हळदीची रात्र म्हणजे अख्ख्या गावाची रात्र. मांडवात आधी धवलारीण धवले गाते, हळद लागते, आणि एकदा बँजो पार्टी उभी राहिली की पहाटेपर्यंत कुणी खाली बसत नाही. मी त्या पार्टीत साइड ड्रम वाजवतो, वेळ पडली तर ढोलकीही घेतो. हात चांगला बसला होता, बोलावणी येत होती. पण वाद्याला ताण येतो कसा आणि तो धरून कोण ठेवतं, याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. आवाज उतरला की पाना घ्यायचा आणि आवळायचं, एवढंच ठाऊक.

त्या वर्षी गणपतीत ड्रम भिजला, नवरात्रात चंडिकादेवीच्या डोंगराच्या पायथ्याशी पुन्हा भिजला. मी तो फडक्याने पुसला, पोत्यात घातला आणि माळ्यावर टाकला. तुळशीचं लग्न झालं, पहिल्या हळदीची सुपारी आली, तेव्हा खाली काढला. आठही रॉडवर तांबूस बुरा चढलेला. आमच्या गावाच्या एका अंगाला डोंगर आहे, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मिठागरं. आम्ही आगरी, मिठाशी आमचं नातं नावातूनच आहे. पण लोखंडाला हे मीठ मानवत नाही. खारा वारा धातूवर मिठाचा पातळ थर बसवतो, तो थर हवेतलं पाणी ओढत राहतो, आणि पाऊस थांबून महिना झाला तरी लोखंड ओलसरच राहतं.

एक रॉड हलेचना. चावी लावली, पक्कड लावली, त्याचं चौकोनी डोकं गोल होऊन गेलं. शेवटी कसाबसा निघाला तो वाकडा होऊन. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन मी त्याच्या जाडीचा बोल्ट मागितला. डोळ्यांनी बघून ‘सहाचा असेल’ म्हणालो आणि सहा एमएमचा घेऊन आलो. तीन-चार फेरे सहज गेला. मग अडला. मला वाटलं, गंज असेल. पाना लावून जोर केला. कटकन काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि बोल्ट जागच्या जागी फिरायला लागला. काढून पाहिलं तर त्याच्या टोकाला पितळेची बारीक सोनेरी तार गुंडाळलेली. ते लगमधल्या, म्हणजे ड्रमच्या अंगावर रॉड धरणाऱ्या खुंट्यातल्या, नटाचे आटे होते, सोलून निघालेले.

आमच्या आळीत एक काका राहतात. वसईच्या कारखान्यांत त्यांची उभी हयात फिटर म्हणून गेली. ड्रम काखेत मारून त्यांच्या ओटीवर गेलो. त्यांनी आधी तार पाहिली, मग बोल्ट.

“सहाचा आणलास?”

“हो काका. जाडी तीच वाटली.”

“हा लग दोन सुती आहे.”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच, सहा पूर्णांक पस्तीस एमएम. फरक केसाएवढा, डोळ्याला दिसत नाही. पण सहाच्या बोल्टचे आटे एक एमएमवर एक असतात आणि जुन्या पाव इंची बोल्टला इंचात वीसच, म्हणजे सव्वा एमएमहून जास्त अंतरावर. पहिले तीन-चार आटे सैल असल्यामुळे निभावून जातात, पुढे एकमेकांवर चढतात. तिथे जोर केला की मऊ धातू हरतो, आणि लगमधलं पितळ मऊच असतं. परदेशी बनावटीच्या बऱ्याच ड्रमना तर आणखी तिसराच आटा असतो, साधारण साडेपाच एमएम जाड आणि इंचाला चोवीस. म्हणून रॉड घ्यायला जाताना जुना रॉड खिशात न्यावा आणि नट बोटांनी फिरवून पाहावा. शेवटपर्यंत बोटांनी गेला तरच तो आपला.

काकांच्या पडवीत एका फुटक्या ड्रमचं खोड पडलं होतं. त्याचा एक लग जुळला. तो बसवता बसवता त्यांनी बाकीचे सात रॉड काढायला लावले आणि रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवले. सकाळी तारेच्या ब्रशने घासले. मग खिडकीची एक सुटी काच जमिनीवर ठेवून तिच्यावर एकेक रॉड लाटण्यासारखा फिरवला. सरळ रॉड गुपचूप घरंगळतो, वाकडा टकटक करतो. दोन टकटकले. एक रॉड सरळ असूनही त्यांनी बाजूला काढला. का ते विचारलं तर त्यांनी तो एका नव्या रॉडच्या आट्यांत आटे अडकवून उजेडासमोर धरला. वरच्या भागात दोघांचे दात एकमेकांत चपखल बसले होते, खाली फट दिसत होती. हा रॉड ताणून लांब झाला होता. नटात शिरलेल्या पहिल्या दोन-तीन आट्यांवरच बहुतेक सगळा भार येतो. लोखंड दमतं ते तिथे, आणि पुढे कधीतरी तुटतं तेही तिथेच.

पण त्या दिवशीची खरी गोष्ट याच्यानंतर घडली. बाद रॉडांच्या जागी त्या फुटक्या ड्रमचे रॉड घेतले. पान, म्हणजे वाजवायचा पडदा, चढवलं, कडं बसवलं. मी ग्रीस लावायला घेतलं तर काकांनी हात धरला. सात रॉडना व्हॅसलीन लावू दिलं, आठव्याला मुद्दाम नाही. तो फुटक्या ड्रमचा होता, गंजाच्या खरखरीसकटच बसवला. सगळे रॉड बोटांनी टेकवले. मग माझ्या हातात चावी दिली आणि म्हणाले, “सगळे सारख्या जोरानं आवळ.” मी मनगटाला सांभाळून, मोजून आवळले. आठही रॉड हाताला तंतोतंत सारखे लागत होते.

“आता वाजव. कडेपासून इंचभर आत, प्रत्येक रॉडपाशी.”

सात ठिकाणी टण् असा स्वच्छ सूर आला. आठव्यापाशी ढप. तिथे पान चक्क सैल होतं.

“आवाज ऐक, पाना नको ऐकू,” काका म्हणाले.

पान्याला लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा ताण बनतो. उरलेला डोक्याखाली वायसरशी आणि आट्यांत घासण्यात जिरतो. गंज चढला की तो दहावाही उरत नाही. हाताला रॉड घट्ट लागतो आणि पान लोंबत असतं. उलट नवं ग्रीस लावलं की तोच हात नकळत जास्त ओढतो, आणि वाजवणारा सांभाळून नसेल तर पान फाटतं. इतकी वर्षं मी हाताच्या थकव्याला ताण समजत होतो.

वसई-दिवा मार्गावर मेमूतून जाताना मला हल्ली रुळांवरच्या तारा बघायची सवय लागली आहे. ठरावीक अंतरावर एका खांबाला कप्पी दिसते आणि तिच्याखाली लोखंडी वजनांची माळ लटकलेली. ऊन असो की थंडी, वजन तेवढंच, म्हणून तारेतला ताणही तेवढाच. आत किती ताण आहे हे विचारावं लागत नाही. वाद्याच्या रॉडला ती सोय नाही. तिथे कानच लागतो.

ढोलकीचं गणित याहून निराळं. दोरीच्या ढोलकीत एकच दोरी शाई आणि धुम ही दोन्ही तोंडं बांधते. शाई चढवायला गेलं की धुमही ओढली जाते, दोघींची मर्जी राखत बसावं लागतं. नटबोल्टच्या ढोलकीत पोटावरच्या लोखंडी पट्ट्यातून दोन्हीकडे वेगवेगळे हुक निघतात, म्हणून शाई आणि धुम वेगवेगळी लावता येते. या सोयीची किंमत मोजावी लागते ती हुकाच्या वाकणाजवळ. वारंवार आवळून तो तिथे उघडायला लागतो. मी आता दर महिन्याला त्या वाकणावर नख फिरवून पाहतो. चीर असेल तर नखाला लागते. बेस ड्रमचे टी-हँडलवाले रॉड पान्याशिवाय हातानेच फिरतात, त्यामुळे त्यांचा त्रास कमी. त्यांच्या कडं पकडणाऱ्या नखीखाली रबराचा तुकडा घातला की कड्याचा रंगही जात नाही.

तेल कोणतं लावायचं यावर आमच्या पार्टीत अजून वाद होतो. खोबरेल लावू नये असं माझं ठाम मत आहे. थंडीत ते गोठतं, धूळ धरतं, आणि चार महिन्यांत आट्यांत काळी पेस्ट होऊन बसते. व्हॅसलीन किंवा पांढरं ग्रीस, तेही तांदळाच्या दाण्याएवढं, पुरतं.

त्या हळदीच्या रात्री ड्रम छान वाजला. प्लॅस्टिकचं पान दमटपणाला दाद देत नाही. रेमो कंपनीने १९५७ साली अशी पानं बाजारात आणली, त्याआधी जगभरचे ड्रमर आपल्यासारखेच चामडं शेकोटीवर धरत असणार. ढोलकीचं मात्र अजूनही चामडंच. रात्री दोनच्या सुमाराला मिठागरांकडून दव उतरायला लागलं आणि ढोलकीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. शाई बसली होती. बँजोवाल्याला खूण करून आम्ही गाणं त्याच्या एकट्यावर सोडलं. मी दहा नंबरचा पाना घेतला, पहिला नट पाव फेरा, मग त्याच्या बरोबर समोरचा पाव फेरा, मग आडवे दोन. एकीकडून सुरू करून गोल फिरत गेलं तर कडी तिरकी बसते. मांडवात एवढा गलका की थापेचा आवाज नीट येईना. मी ढोलकी उभी केली, शाईजवळ कान नेला आणि ढोलकीवाल्याला म्हणालो, “हळू मार. प्रत्येक हुकापाशी, एकेक.” पाचव्या हुकापाशी सूर किंचित खाली होता. तिथे अजून पाव फेरा दिला, त्याने पुन्हा थाप मारली, आणि नवऱ्याची आत्या ओरडली, “अरे, लावा ना रं लवकर!”