मेन्टेनन्सवाल्यांचं विमान

डायकास्ट मॉडेलचं गणित तसं सोपं. एकास बहात्तर. खऱ्या बी-२४ लिबरेटर बॉम्बरचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११० फूट, तर मॉडेलचे साधारण ४६ सेंटिमीटर. जस्ताचा मिश्रधातू वितळवून दाबाने पोलादी साच्यात भरायचा, वर रंग आणि चिन्हं चढवायची. हातात घेतलं की वजन जाणवतं. म्हणूनच तिशीतली पोरंसुद्धा पगारातून पैसे बाजूला काढून ही 'खेळणी' घेतात.

वाडीतल्या माझ्या एका धाकट्या मित्राच्या टेबलावर असंच एक लिबरेटर आहे. अमेरिकन चांदणीवालं. गेल्या महिन्यात त्याला सपोर्ट प्रोजेक्टवर टाकलं आणि साहेब राजीनाम्याच्या गोष्टी करू लागले. "सगळे नवीन बनवून राहिले अन् मी काहून दुसऱ्यांचे जुने बग निस्तरू?"

म्हटलं, बाबा रे, तुझ्या टेबलावर जे उभं आहे त्याची गोष्ट तरी ऐक.

युद्ध संपल्यावर कानपूरला लिबरेटर विमानांचा ढीगच पडला होता. विमानं अमेरिकेकडून लेंड-लीज करारावर आलेली. एकतर परत करायची, नाहीतर मोडायची. म्हणून जाताना ती मुद्दाम निकामी केली गेली. स्वतंत्र भारताकडे मोठं बॉम्बर नव्हतं आणि नवीन घ्यायला पैसा नव्हता. मग बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टची माणसं त्या भंगारात शिरली. याचं इंजिन, त्याचं चाक असं करत विमान बंगलोरपर्यंत उडेल इतपत उभं करायचं आणि तिथे नीट दुरुस्त करायचं. ती कानपूरहून उडवत नेली टेस्ट पायलट जमशेद मुन्शी यांनी. विचार करा, असल्या जोडाजोडीच्या विमानात बसायचं!

अशी चाळीसच्या आसपास विमानं उभी राहिली. नोव्हेंबर १९४८ मध्ये ५ नंबरची स्क्वाड्रन त्यांच्यावर सुरू झाली. पुढे समुद्रावरच्या टेहळणीलाही तीच, अगदी १९६८ पर्यंत. जगात १८ हजारांवर लिबरेटर बनली आणि बहुतेक सगळी वितळवली गेली. लंडनच्या आर.ए.एफ. म्युझियममधलं लिबरेटर १९७४ साली कुणी दिलं? भारताने. अमेरिकेत 'विचक्राफ्ट' नावाने रंगवलेलं विमानही मूळ आपल्याच हवाई दलातलं. युद्धातलं खरं 'विचक्राफ्ट' १३० मोहिमांवर गेलं आणि बिघाड झाला म्हणून एकदाही अर्ध्यातून परतलं नाही, असं सांगतात. ते श्रेय जमिनीवरच्या मेकॅनिकांचं.

मॉडेलमध्ये हे काहीच दिसत नाही. त्यात ना ठिगळं, ना तेलाचे डाग. कारखान्यातून आत्ताच बाहेर पडल्यासारखं चकाचक. आपल्या डोक्यातलं 'चांगलं काम'ही असंच झालंय बहुतेक.

आणि वाडीकराला हे मी सांगायचं म्हणजे गंमतच. शेजारी वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेन्टेनन्स कमांडचं मुख्यालय, म्हणजे नावातच मेन्टेनन्स! अमरावती रोडवर रात्री ट्रकखाली घुसलेला मिस्त्री तर रोजच दिसतो.

असो. पोरगा अजून ठरवतोय. मी एवढंच म्हटलं, की पगारासाठी सोड, गावासाठी सोड, बॉससाठीसुद्धा सोड. पण काम जुनं आहे म्हणून हलकं आहे, असं समजून सोडू नको.