खापर, कणीक आणि माय

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांतील मुली आपल्या आईविषयी कौतुकाने बोलतात, तेव्हा त्यांचे बोलणे बहुधा तिच्या कष्टांभोवती फिरते. नवरा यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीला गेल्यावर तिने घरी बसून साड्यांना लेस लावली, खडे चिकटवले, धागे कापले आणि त्या पैशांतून मुलांची शाळेची फी भरली, हे त्या पुन्हा पुन्हा सांगतात. हे कौतुक खरे आहे, पण अपुरे आहे, कारण कष्ट सोसणे निराळे आणि एखादी कला अंगी असणे निराळे. आणि मायच्या अंगची कला जोखायची तर लेकीला स्वतःचा हात त्या कलेवर बसवावा लागतो. खापरावरचे मांडे ही अशा कलांपैकी एक होय, आणि ज्या लेकींनी ती शिकण्याचा प्रयत्न केला आहे त्यांच्या मनात आईविषयीचा आदर कसा बदलत जातो, याचा विचार प्रस्तुत लेखिकेला महत्त्वाचा वाटतो.

मांडा म्हणजे खानदेशातील मोठी पुरणपोळी, जी तव्यावर न भाजता चुलीवर उपड्या ठेवलेल्या खापरावर, म्हणजे मातीच्या रुंद, घुमटाकार भांड्यावर भाजतात. सुरतेत शेजारच्या गुजराती घरातही पुरणपोळी होते, परंतु ती वेडमी तुरीच्या डाळीची, लहान आणि पोळपाटावर पुरती लाटलेली असते. मांड्याचे पुरण हरभऱ्याच्या डाळीचे असते आणि पोळपाटाचे काम अर्ध्यावर संपते, कारण तेथून पुढची पोळी हातांवर वाढवायची असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते, आणि आमरसासोबत ताटात मांडा असतो. सुरतेतील कित्येक कुटुंबे या सणाला भुसावळच्या गाडीने तापीच्या काठाकाठाने गावी जातात, आणि ज्यांना जाणे जमत नाही त्यांच्या घरी मांड्याचा घाट तेथेच घातला जातो.

या पदार्थाची तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. गव्हाला पाण्याचा हात लावून तो मुरवत ठेवतात, मग दळून आणलेले पीठ पातळ, जुन्या साडीच्या कापडातून गाळतात. अशा पिठाला वस्त्रगाळ पीठ म्हणतात. लेकीला हे काम लहानपणी निव्वळ कंटाळवाणे वाटते, परंतु त्यामागचे कारण पक्के आहे. गव्हातील प्रथिने पाण्याशी मिसळून मळली गेली की त्यांचे ताणले जाणारे जाळे तयार होते, ज्याला ग्लूटेन म्हणतात, आणि कोंड्याचे बारीक कण त्या जाळ्याला ठिकठिकाणी कापत जातात. त्यामुळे कोंडा राहिलेली कणीक पोळपाटावर निभावून जाते, पण हातावर ताणताच फाटते. गाळलेल्या पिठाची कणीक मीठ घालून भिजवल्यावर माय परातीत ती आपटते, पाण्याचा हात लावून पुन्हा तिंबते, तेल लावून झाकून ठेवते, आणि बोटाने उचलल्यावर ती न तुटता सलग लोंबू लागली की मगच पुरणाला हात लावते. ही परीक्षा ती कोणाला सांगत बसत नाही. ती करते आणि लेकीने ती पाहिली तरच लेकीला कळते. कणीक मुरवण्याच्या वेळेचेही तसेच आहे, कारण मळल्यानंतर ताणलेले जाळे सैल व्हायला अवधी लागतो, आणि मे महिन्यातील सुरतेच्या दमट उकाड्यात तो अवधी धुळ्या-जळगावच्या कोरड्या हवेतल्यासारखा राहत नाही. गावाकडून आलेल्या स्त्रियांनी पाण्याचे आणि वेळेचे प्रमाण या हवेशी जुळवून घेतले, आणि ही जुळवाजुळव त्यांना कोणी शिकवली नव्हती, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

खरी कसोटी मात्र पुढे आहे. पुरण भरलेला उंडा पोळपाटावर ताटाएवढा लाटला की माय तो दोन्ही तळहातांवर घेते, एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकत फिरवते, आणि पोळी मनगट ओलांडून कोपरापर्यंत उतरू लागते. बोटांची टोके ती आत वळवून ठेवते, कारण नखाचा निसटता स्पर्श झाला तरी पोळीला भोक पडते आणि पुरण बाहेर येते. पोळीचा मध्य स्वतःच्या वजनाने पातळ होत जातो आणि कडा जाड राहतात, म्हणून प्रत्येक फेऱ्यात कडेला थोडा अधिक ताण द्यावा लागतो, आणि हा ताण डोळ्यांना दिसण्याआधी कातडीला जाणवतो. लेक शिकायला उभी राहते तेव्हा माय तिच्या कोपराखाली स्वतःचा हात धरते, आणि तोंडाने सूचना न देता आपल्या हाताच्या हालचालीने तिचा हात हलवते. पोळी पुरेशी विस्तारली की ती एका झटक्यात खापरावर पसरायची असते. माती लोखंडापेक्षा फार सावकाश उष्णता देते, त्यामुळे कागदासारखी झालेली पोळी करपत नाही, आणि खापराच्या घुमटामुळे कडा आपोआप खाली ओघळून सुरकुती पडत नाही. खापर गरजेपेक्षा अधिक तापले असेल तर पोळी पसरण्यापूर्वीच चिकटते, म्हणून माय पाण्याचा शिंतोडा टाकून त्याचा आवाज ऐकते.

सुरतेच्या चाळीत आणि पुढे सदनिकेत लाकडाची चूल पेटवणे अवघड झाले, तेव्हा काहींनी गावाहून गोणपाटात गुंडाळून आणलेले खापर गॅसच्या मोठ्या शेगडीवर ठेवले, काहींनी लोखंडी कढई उपडी घातली. कढईवरचा मांडा प्रस्तुत लेखिकेच्या मते खापरावरच्या मांड्याची बरोबरी करत नाही, तथापि ज्या मायने कढईशी जमवून घेत तो केला तिची कारागिरी त्यामुळे उणी ठरत नाही. उलट साधन बदलल्यावरही ज्याचा हात चुकत नाही त्याला कलेचे मर्म कळलेले असते.

आईच्या हाताला चव आहे, हे वाक्य प्रत्येक घरात प्रेमानेच बोलले जाते. मात्र त्या वाक्याने चवीचे श्रेय नशिबाला किंवा मायेला दिले जाते, आणि गाळणे, तिंबणे, ताणणे यांत वर्षानुवर्षे मिळवलेले ज्ञान दृष्टीआड होते. खानदेशात लग्नकार्यात मांडे करण्यासाठी हात बसलेल्या स्त्रियांना मोबदला देऊन बोलावतात, म्हणजे समाज हे कौशल्य ओळखतो. पण तीच स्त्री घरी मांडे करते तेव्हा तिच्या कामाची गणना नेहमीच्या स्वयंपाकात होते. साडीला लेस लावण्याचे मोल निदान नगामागे ठरते, मांड्याचे ठरत नाही. अशा वेळी लेकीचे कौतुक हीच त्या कौशल्याची एकमेव पावती असते, आणि म्हणून ते कौतुक जाणकाराचे असणे आवश्यक आहे.

याच खानदेशातील, जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) निरक्षर होत्या. त्यांची कविता टिकली ती त्यांचे पुत्र सोपानदेव आणि घरातील इतरांनी ती उतरवून ठेवली म्हणून, आणि 1952 मध्ये ती पुस्तकरूपाने आली. कमलाबाई ओगले यांनी ‘रुचिरा’मध्ये (1970) वाटी-चमच्याचे माप देऊन अंदाजाने चालणारा स्वयंपाक नवख्या मुलींच्या आवाक्यात आणला. मांड्याच्या बाबतीत या दोन्ही गोष्टींची गरज आहे, परंतु केवळ लेखनाने काम भागणार नाही, कारण कडेला किती ताण द्यायचा हे कागदावर उतरत नाही. ते एका हाताखाली दुसरा हात धरूनच पुढे जाते. सुरतेत जन्मलेल्या, गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आणि आज बँकेत, रुग्णालयात किंवा शाळेत नोकरी करणाऱ्या लेकींना आखाजीची सुट्टी जेमतेम मिळते, हे मान्य करूनही त्यांना विनंती आहे की येत्या आखाजीला त्यांनी पंगतीत बसण्याआधी खापरापाशी उभे राहावे, मायच्या पिठाचे, पाण्याचे आणि मुरवण्याच्या वेळेचे माप वहीत लिहावे, त्यावर तिचे नाव आणि तिच्या माहेरच्या गावाचे नाव घालावे, आणि पहिला उंडा स्वतःच्या हातावर घ्यावा.