मुंबई ते न्यूयॉर्क : साडेबारा हजार किलोमीटर

भिंतीवरच्या नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत रेघ काढावयास सांगितले, तर आपण ती अरबी समुद्र, आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून सरळ पश्चिमेकडे न्याल. आता पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो उत्तरेकडे चढत अफगाणिस्तान, रशिया, स्वीडन असा जाईल आणि आइसलँडजवळून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाकडे उतरेल. हाच सर्वांत जवळचा मार्ग. लांबी सुमारे १२,५०० किलोमीटर. प्रत्यक्षात वारे आणि हवाई हद्दी पाहून विमान वाट बदलते. थेट विमानाला जाताना पंधरा-सोळा तास लागतात. येताना उंचावरचे वेगवान पश्चिमी वारे पाठीशी असल्याने वेळ काहीसा वाचतो.

हे अंतर कापते विमान. सोसते मात्र शरीर. लेकीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडांच्या ओढीने या प्रवासास निघणाऱ्या आईवडिलांनी ते ध्यानात घ्यावे.

विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून उडत असले, तरी आतील हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका राखलेला असतो. म्हणजे आपण खुर्चीत बसल्या बसल्या जणू सिमल्यास पोहोचता. निरोगी माणसास याचा फारसा त्रास होत नाही. परंतु हृदयविकार, फुप्फुसांचा जुना आजार किंवा तीव्र रक्तक्षय असल्यास तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे.

आतील हवा अतिशय कोरडीही असते. अशा वेळी शेजारच्या अनोळखी प्रवाशास उठवावे लागू नये, या संकोचाने कित्येक आजी पाणीच पीत नाहीत आणि जागचे हलतही नाहीत. हा संकोच महागात पडू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, चार तास किंवा अधिक काळ बसून प्रवास केल्यास नीलांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही तो साधारण सहा हजारांत एक इतकाच असतो. म्हणून भिऊ नका, पण बेफिकीरही राहू नका. वाटेकडेची खुर्ची मागून घ्या. दर एक-दोन तासांनी चार पावले चाला, बसल्या जागी घोटे फिरवा, थोडे थोडे पाणी पीत राहा. पूर्वी गुठळी झाली असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी सल्ला घ्या.

न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ, तर हिवाळ्यात साडेदहा तास असते. शरीराचे घड्याळ मात्र दिवसाला साधारण एक तासच सरकते. तेव्हा पहिला आठवडा झोपेची तक्रार न करता सकाळच्या उन्हात फिरावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या लांबलेल्या दिवसाचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. सर्व औषधे आणि त्यांची चिठ्ठी हातातील पिशवीतच ठेवावी.

शेवटची सूचना मुलांसाठी. आई आल्यावर पुढील काही आठवड्यांत तिचा एकच पाय सुजला, दुखू लागला, तर डॉक्टरांकडे न्या. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर तत्काळ रुग्णालय गाठा. ‘प्रवासाचा शीण असेल’ असे ती म्हणेल. त्या वेळी तिचे ऐकू नका.