दोन थोरल्या लेकी

अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाला त्याच्या मुलीने पार जेरीला आणलं होतं. थिओडोर रूझवेल्ट 1901 साली राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा त्यांची थोरली लेक अ‍ॅलिस 17 वर्षांची होती. या छपराखाली सिगारेट ओढायची नाही, असा वडिलांचा हुकूम. तर ही पठ्ठी व्हाइट हाउसच्या छपरावर चढून ओढायची! (तुम्ही दोन्हीकडे ओढू नका, बरं का.) तिने एक साप पाळला होता. हिरवा होता म्हणून त्याचं नाव एमिली स्पिनॅच, म्हणजे एमिली पालक. वडिलांच्या कचेरीत ती केव्हाही घुसायची. एका मित्राने तक्रार केली, तर रूझवेल्ट म्हणाले, मी एक तर देश सांभाळीन, नाहीतर अ‍ॅलिसला. दोन्ही जमायचं नाही.

पुढे वॉशिंग्टनमधल्या तिच्या घरी मोठमोठे पुढारी चहाला येत आणि तिच्या टोमण्यांना घाबरून असत. तिच्या एका उशीवर भरतकामात लिहिलं होतं, कुणाबद्दल चांगलं बोलता येत नसेल तर इथं माझ्याशेजारी बसा! 1980 साली, 96 व्या वर्षी ती वारली.

हे घरी सांगितलं तेव्हा माझी आठवीतली पुतणी जाम खूश झाली. 'मुलीच्या जातीने तोंड आवरावं,' हे तिला उठसूट ऐकावं लागतं. म्हणाली, "काका, आपल्याकडे अशी कुणी नव्हती?"

होती की! जन्मली तीसुद्धा आपल्या दौलताबादेत, 1638 साली. जेब-उन-निसा. औरंगजेब तेव्हा बादशहा नव्हता, दख्खनचा सुभेदार होता. तिची आई दिलरस बानू बेगम. सहलीला गेल्यावर आपण ज्याच्यासमोर फोटो काढतो तो बीबी का मकबरा या आईचाच.

लहानपणी जेबने कुराण पाठ केलं, तेव्हा बापाने 30 हजार मोहरा बक्षीस दिल्या. तिने मोठं ग्रंथालय जमवलं, विद्वानांना पदरी ठेवून ग्रंथ लिहवून घेतले. तिच्या हजरजबाबीपणाचे किस्से पुष्कळ आहेत, पण बरेचसे मागाहून रचलेले. आग्र्याला शिवाजी महाराजांना पाहून ती भाळली, हेही त्यातलंच. त्या काळचा पुरावा त्याला नाही.

पण पुढचं मात्र खरं आहे. 1657 साली धाकट्या अकबराच्या जन्मानंतर महिन्याभरातच आई गेली. जेब तेव्हा 19 वर्षांची, भावंडांत थोरली. 1681 साली याच अकबराने बापाविरुद्ध बंड केलं. ते फसलं आणि तो पळत पळत संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. इकडे थोरल्या बहिणीने त्याला लिहिलेली पत्रं बादशहाच्या हाती लागली. झालं! वर्षाची चार लाख रुपयांची नेमणूक बंद, मालमत्ता जप्त, आणि तिची रवानगी दिल्लीच्या सलीमगडावर.

"अ‍ॅलिस एवढं बोलायची, तिला कुणी कोंडलं नाही. आणि हिला नुसत्या पत्रांसाठी?" पुतणी चिडलीच.

मी म्हटलं, अगं, रूझवेल्टांना लोकांनी निवडून दिलं होतं. मुदत संपली की घरी जायचं. लेकीच्या थट्टेने त्यांची खुर्ची जाणार नव्हती. औरंगजेबाने तर स्वतःच्या बापाला कैदेत टाकून तख्त मिळवलं होतं. पोटची पोरं काय करू शकतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिचं यावर समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर माझंही होत नाही. बंड करणाऱ्या भावाला बहिणीने पत्रसुद्धा लिहू नये?

ती 20 वर्षांहून अधिक काळ सलीमगडावर राहिली आणि 1702 साली तिथेच वारली. बादशहा तेव्हा मराठ्यांच्या विशाळगडाला वेढा घालून बसला होता. दख्खनेत उतरल्यापासून तो दिल्लीला परत गेलाच नव्हता.

आज आई मकबऱ्यात आहे आणि बाप खुलदाबादला, म्हणजे लेकीच्या जन्मगावापासून अगदी जवळ. लेकीला पुरलं दिल्लीच्या तीस हजारी बागेत. पुढे तिथून रेल्वेचे रूळ गेले.