टिंबाआडचा संसार

दिवाणखाना पाहून घरची माणसे कळत नाहीत. त्यासाठी फडताळ उघडावे लागते. संगणकालाही असे एक फडताळ असते, हे मला माझ्या धाकट्या भावाने अनसिंगच्या घरी दाखवले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी वऱ्हाडी शब्द जमवते. चिठ्ठ्यांच्या खोक्यात उंदीर शिरले, तेव्हा पुण्याची नोकरी आटोपून गावी परतलेल्या भावाने ते शब्द संगणकावर साध्या मजकुराच्या फाइलींत घालून दिले आणि मला ‘शेल’ शिकवला.

काळ्या पडद्यावर आपण आज्ञा लिहावी आणि यंत्राकडून ती करवून घ्यावी, हे काम पाहणारा कारभारी म्हणजे शेल. ‘बॅश’ नावाचा त्याचा अवतार १९८९ सालचा. आपल्या सवयी ज्या फाइलींत त्याला सांगून ठेवायच्या, त्यांच्या नावाआधी टिंब असते, आणि टिंबवाल्या फाइली एरवी दिसत नाहीत. मौज अशी की, हा आडपडदा कोणी मुद्दाम घातलेला नाही. युनिक्सच्या बालपणी फाइलींची यादी दाखवताना एक टिंब आणि दोन टिंबे अशा दोनच नोंदी वगळायच्या होत्या. लिहिणाऱ्याने आळसाने पहिले अक्षर तेवढे तपासले, आणि टिंबाने सुरू होणारे सारेच आड गेले! ही हकिकत रॉब पाइक या जाणत्या संगणकतज्ज्ञाने सांगितली आहे. पुढे त्या आडोशाला जगभरच्या लोकांनी आपापला संसार थाटला.

भावाने आमचा हा संसार ‘गिट’च्या स्वाधीन केला होता. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी घडवलेला हा हिशेबनीस. बदल नोंदवला की तो जुने पान जपून नवे लावतो, आणि काय बदलले, का बदलले, म्हणून एक ओळ मागतो. रोजकीर्दीत चुकलेला आकडा खोडीत नाहीत, खाली दुरुस्तीची नोंद करतात, तसेच हे. (संकेतशब्द मात्र यात कधी घालू नयेत. फाइलीतून पुसले तरी जुन्या पानावर ते राहतातच.) चार ओळींच्या फाइलींसाठी एवढा खटाटोप कशाला, असे मला वाटे.

भाऊ तीन वर्षांमागे गेला. यंदा पावसाळ्यात घराजवळ वीज कोसळली आणि संगणकही गेला. नोंदींची एक प्रत पुण्याला भाच्यापाशी होती. ती नव्या यंत्रावर उतरवली, आणि अर्ध्या तासात सारी घडी पूर्वीसारखी बसली. आवराआवर करावी म्हणून फाइल उघडली, तर एक ओळ काही केल्या उमगेना. काढूनच टाकणार होते; पण आधी तिची नोंद पाहिली. ‘बॅश आज्ञांची यादी बंद होताना लिहितो. इथे वीज केव्हाही जाते. ताईने दिवसभर काय शोधले ते बुडू नये, म्हणून प्रत्येक आज्ञा लगेच टिपणे.’ ओळ राहिली. आणखी मागे गेले, तर दुसरी नोंद: ‘काळ्यावरचा गडद निळा रंग काढला. ताईला वाचवत नाही.’

हे मी त्याला कधी सांगितले नव्हते.

त्या रात्री मी पहिल्या नोंदीपर्यंत वाचत गेले. नाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पोथी सिद्ध केली, हे मी वर्गात किती वेळा शिकवले असेल. कोणता पाठ का गाळला, हे त्यांनी समासात टिपून ठेवले असते तर, असे प्रथमच मनात आले.

गणपतीला भाचा आला. माझा पडदा पाहून म्हणाला, “आत्या, हा पिवळा काय लावलास? माझ्या यंत्रावर मी निळा परत आणलाय.” त्याची शाखा निराळी, माझी निराळी, गिटमध्ये अशी वाटणी चालते. मी त्याला एवढेच विचारले, की नोंद लिहिलीस का?

“लिहिली की. ‘बाबांचा पहिला रंग.’”