चिपीचे विमान

विरार-नालासोपाऱ्यात चार दारे ठोठावली तर एखादा मालवणी निघतोच. म्हणूनच ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ सुरू झाला, तेव्हा आमच्या चाळीत पेढे वाटले गेले. आजीच्या तर गुडघ्यांचीच सोय झाली. एस. टी.त रात्रभर पाय आखडून बसणे नाही. मुंबईहून निघायचे, तासाभरात चिपीच्या पठारावर उतरायचे. पुढे परुळ्याला जायला रिक्षा शोधताना वाचलेला वेळ सव्याज परत जाई, पण तिची तक्रार नसे.

‘उडान’ योजनेतील अनुदानाची मुदत तीन वर्षांची. ती सरली, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईचे ते विमान थांबले. अडीच हजार मीटरची धावपट्टी, नवी इमारत, सारे जागच्या जागी! विमानतळावर सोयी वाढवा म्हणणारे उपाहारगृह मागतात, रात्रीचे दिवे मागतात. तेही हवेच, पण आधी ठरल्या वेळी येणारे विमान हवे आणि उतारूंसाठी बाहेर उभी असलेली एक एस. टी. हवी.

त्या डिसेंबरात आजी वांद्रे-मडगाव गाडीने सावंतवाडीला गेली. आठवड्यातून दोनदा वसईवरून जाणारी ही गाडी त्याच वर्षी ऑगस्टात सुरू झाली होती. वसई स्टेशनात ती मला म्हणाली, “विमान परत कधी सुरू होतला रे?”