विहिरीतून थेट समुद्रात!

ट्रायथलॉनची तयारी म्हटलं की पुण्यातलं चकाचक जिम डोळ्यांपुढे येतं ना? माझी खरी तयारी झाली अंजनगाव सुर्जीत, काकांच्या विहिरीत. इतिहासाच्या पुस्तकात हे गाव १८०३च्या शिंदे-इंग्रज तहापुरतं भेटतं. माझ्यासाठी ते आजोळाइतकंच लाडकं.

गोव्याची 'आयर्नमन ७०.३' म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, वर २१.१ किलोमीटर धावणं. सगळं साडेआठ तासांत! सायकलचं टेन्शन नव्हतं. सुट्टीत गावी गेलं की पहाटे पानमळे, पानपिंपरीची शेतं मागे टाकत परतवाड्याच्या रस्त्याला लागायचं, डावीकडे सातपुडा सोबतीला. उन्हाचं तर वऱ्हाडच्या पोरीला काय सांगता! घोडं अडलं पाण्यात. पूलमध्ये दमलं की काठ धरता येतो. समुद्रात काय धरणार?

सप्टेंबर २०२३मध्ये गणपतीला घरी गेले आणि लहानपणी कमरेला भोपळा बांधून पोहायला शिकले त्याच विहिरीत उतरले. पावसाळ्यानंतरचं काळंशार पाणी, तळ दिसेना. घाबरून हातपाय झाडायला लागले. काका काठावरून ओरडले, "पान्याशी भांडू नको वं पोरी, त्याच्यावर पडून राय!"

ऑक्टोबरात मिरामारला पहिल्याच लाटेनं नाकातोंडात पाणी गेलं. परत फिरावंसं वाटलं, खरंच. मग उताणी झाले, आभाळ बघत पडून राहिले. श्वास लागला तशी पुन्हा वळले.

आठ तास बारा मिनिटं. मेडल गळ्यात घालूनच काकांना फोन लावला.

"खारं होतं काय वं पानी?" त्यांनी विचारलं.